फिनास्टेराइड घ्यावं की नको: पहिल्या गोळीआधीचा हिशेब

प्रश्न असा आहे. वय २८. दोन वर्षांत कपाळाच्या दोन्ही कडा मागे गेल्या, माथ्यावर टाळू दिसू लागली. वडील आणि मामा दोघांनाही चाळिशीच्या आत टक्कल. त्वचारोगतज्ज्ञांनी फिनास्टेराइड १ मिलिग्रॅमची रोज एक गोळी आणि लावायला ५ टक्के मिनॉक्सिडिल दिलं. औषधं आणली, पण दुष्परिणामांचे व्हिडिओ पाहून पट्टी फोडलीच नाही. वर्षभरात लग्न व्हायचं आहे. गोळी घ्यावी का? तिच्याऐवजी डोक्याला लावायचं फिनास्टेराइड बरं का? आणि ड्युटास्टेराइड हे त्याच जातीचं दुसरं औषध जास्त गुणकारी म्हणतात, तर तेच का नको?

आधी उत्तर. निदान पक्कं असेल, पूर्वी नैराश्यावर उपचार घ्यावे लागले नसतील आणि लगेच मूल होऊ देण्याचा विचार नसेल, तर गोळी वर्षभर घेऊन पाहणं रास्त आहे. ड्युटास्टेराइडने सुरुवात करू नका. लावायचं औषध म्हणजे सुरक्षितच, असंही धरून चालू नका. आणि काहीही सुरू करण्याआधी आपली आजची स्थिती कागदावर उतरवा. या औषधाबाबत होणारे बरेचसे घोळ ही नोंद नसल्यामुळे होतात. तिसऱ्या महिन्यात काही वेगळं जाणवलं, तर ते आधीपासून होतं की गोळीमुळे आलं हे मग कुणालाच सांगता येत नाही, डॉक्टरांनाही नाही.

गोळी नेमकं काय अडवते

ही ‘हार्मोन बंद करणारी गोळी’ आहे असं सर्रास बोललं जातं. ते अर्धवट आहे. टेस्टोस्टेरॉन ती कमी करत नाही, उलट रक्तातलं टेस्टोस्टेरॉन थोडं वाढतं, साधारण १० ते १५ टक्के. शरीरातलं ५-अल्फा रिडक्टेज हे एन्झाइम टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी नावाच्या हार्मोनात रूपांतर करतं. वंशाने संवेदनशील असलेल्या केसांची मुळं या डीएचटीमुळे दर चक्रात थोडी थोडी बारीक होत जातात आणि जाड केसाच्या जागी लव येऊ लागते. फिनास्टेराइड या एन्झाइमचा दुसरा प्रकार अडवतं. हा प्रकार केसांच्या मुळांत आणि प्रोस्टेटमध्ये जास्त असतो.

याचा धागा डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये सापडला. तिथल्या काही कुटुंबांत हे एन्झाइम जन्मतःच कमी असलेली मुलं होती. ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली यांनी त्यांच्यावरचा अभ्यास १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. ही मुलं मोठी झाल्यावर त्यांची प्रोस्टेट लहानच राहिली आणि कपाळाच्या कडा मागे हटल्या नाहीत. मर्क कंपनीने त्यावरून औषध घडवलं. प्रोस्टेटच्या वाढीसाठी ५ मिलिग्रॅमच्या गोळीला अमेरिकेत १९९२ मध्ये मान्यता मिळाली, टक्कलासाठी १ मिलिग्रॅमच्या गोळीला १९९७ मध्ये. त्याच मुलांच्या बाबतीत जन्मावेळी बाह्य जननेंद्रियांची वाढ अपुरी होती, हेही लक्षात ठेवा. गरोदर स्त्रीने या औषधापासून लांब राहायचं ते याच कारणाने.

डोसाबद्दलची एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते. रोज १ मिलिग्रॅम घेतलं की रक्तातलं डीएचटी सुमारे ७० टक्के उतरतं. ५ मिलिग्रॅम घेतलं तरी ते ७२ टक्क्यांच्या आसपासच थांबतं, आणि ०.२ मिलिग्रॅमलाही ६८-६९ टक्के उतरतं. डोक्याच्या त्वचेतले आकडेही असेच जवळजवळ आहेत: ०.२ ला ५७, १ ला ६४, ५ ला ६९ टक्के. म्हणजे डोस वाढवून केस जास्त येत नाहीत. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ‘भीती वाटते म्हणून अर्धीच गोळी घेतो’ म्हणणाऱ्याचं डीएचटी पूर्ण गोळी घेणाऱ्याइतकंच उतरलेलं असतं. अर्ध्या गोळीने मनाला धीर येतो, शरीराच्या दृष्टीने फरक फारसा नसतो.

फायदा किती

मूळ चाचणीत १८ ते ४१ वयाचे १,५५३ पुरुष होते. माथ्यावर एक इंच व्यासाचं वर्तुळ आखून त्यातले केस मोजले. सुरुवातीला सरासरी ८७६ केस होते. वर्षभराने खरी गोळी आणि खोटी (औषध नसलेली) गोळी घेणाऱ्यांमध्ये १०७ केसांचा फरक पडला, दोन वर्षांनी १३८ आणि पाच वर्षांनी २७७. हा वाढत गेलेला फरक पाहून गोळीवाल्यांचं डोकं दरवर्षी भरत गेलं असं वाटेल. तसं नाही. गोळीवाल्यांची वाढ पहिल्या एक-दोन वर्षांतच झाली. पुढचा फरक मुख्यतः खोटी गोळी घेणाऱ्यांचे केस गळत राहिल्यामुळे पडला. फोटो पाहून ठरवलं तेव्हा पाच वर्षांनी गोळीवाल्यांपैकी ४८ टक्के सुधारले, ४२ टक्के होते तसे राहिले आणि १० टक्के आणखी विरळ झाले. खोटी गोळी घेणाऱ्यांत आणखी विरळ झालेले ७५ टक्के होते.

थोडक्यात, हे औषध आहे ते राखण्यासाठी आहे. गेलेलं परत आणण्यात त्याचा हात आखडता असतो, तोही माथ्यावर जरा सैल आणि कपाळाच्या कोपऱ्यांत अगदीच आखडता. गुळगुळीत झालेल्या जागेवर ते काही करत नाही. तुमच्या वर्णनात माथा विरळ आहे पण केस शिल्लक आहेत, म्हणजे उपयोग होण्याजोगी अवस्था आहे. पाच वर्षं थांबून मग सुरू केलं तर वाचवायला तेवढं उरणार नाही, हेही खरं. घाईचं मात्र काही नाही. तयारीत दोन महिने गेल्याने टक्कल पडत नाही.

निदान पक्कं आहे का

दिवसाला ५० ते १०० केस गळणं स्वाभाविक आहे. डेंगी, टायफॉइड, कोविड, मोठं ऑपरेशन किंवा कडक डाएट यांनंतर दोन-तीन महिन्यांनी मुठीने केस जातात. ती गळती सबंध डोक्यावर सारखी असते आणि सहसा सहा महिन्यांत आपली आपण थांबते. तिच्यावर फिनास्टेराइडचा उपयोग नाही. चाई पडली असेल, म्हणजे नाण्याएवढे गोल गुळगुळीत चट्टे असतील, तरी नाही. त्वचा लाल, खवलेदार, दुखरी असेल आणि केसांची छिद्रंच बुजत असतील तर तो व्रण करणारा आजार असतो. तिथे वेगळे उपचार लागतात, आणि तेही लवकर.

वंशागत टक्कलाची खूण डर्मोस्कोपखाली दिसते. एकाच भागात जाड, मध्यम आणि बारीक केस शेजारी शेजारी असतात, आणि मानेजवळचे केस मात्र सगळे एकसारखे जाड. डॉक्टरांनी भिंग लावून पाहिलं नसेल तर पाहायला सांगा. पन्नास-साठ केसांची बट चिमटीत धरून हळू ओढल्यावर सहाहून जास्त केस हातात आले, तर सध्या जोराची गळतीही चालू आहे असं समजायचं. मग हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइड) तपासून घ्यायचं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर थायरॉइडच्या तपासणीआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा. बायोटिनमुळे या चाचणीचे आकडे चुकतात आणि नसलेला थायरॉइड मागे लागतो. डीएचटीची रक्ततपासणी मात्र करू नका. टक्कल पडणाऱ्यांचं डीएचटी बहुधा इतरांइतकंच असतं, फरक मुळांच्या संवेदनशीलतेत असतो.

धोका: आकडे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

त्या मूळ चाचण्यांत लैंगिक तक्रारी गोळीवाल्यांत ३.८ टक्के आणि खोट्या गोळीवाल्यांत २.१ टक्के होत्या. वेगवेगळं पाहिलं तर कामेच्छा कमी होणं १.८ विरुद्ध १.३, ताठरता कमी होणं १.३ विरुद्ध ०.७, वीर्यपतनाच्या तक्रारी १.२ विरुद्ध ०.७. शंभरात जेमतेम दोघांना गोळीमुळे त्रास, असा याचा अर्थ. बहुतेकांचा त्रास गोळी थांबवल्यावर गेला.

भीतीचाही वाटा असतो. प्रोस्टेटसाठी ५ मिलिग्रॅम घेणाऱ्या १२० पुरुषांचा एक अभ्यास २००७ मध्ये आला. लैंगिक दुष्परिणाम होऊ शकतात असं ज्यांना आधी सांगितलं त्यांच्यात ४३.६ टक्के लोकांनी तक्रार केली, ज्यांना सांगितलं नाही त्यांच्यात १५.३ टक्के. गोळी तीच, डोस तोच. रात्री दोन वाजेपर्यंत व्हिडिओ पाहून सकाळी पहिली गोळी घेणं यासाठीच बरं नाही.

म्हणून ‘सगळं मनाचे खेळ’ म्हणून झटकून टाकणं मात्र चूक आहे, आणि काही दवाखान्यांत ते घडतं. गोळी थांबवल्यावरही कामेच्छा, वीर्यपतन आणि परमोच्च सुखाच्या तक्रारी चालू राहिल्याची नोंद अमेरिकेत २०१२ मध्ये औषधाच्या माहितीपत्रकात घातली गेली. २०२२ मध्ये आत्महत्येच्या विचारांचा उल्लेख आला. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०२४ मध्ये गोळीच्या खोक्यात सूचनेचं कार्ड घालायचं ठरवलं. युरोपीय औषध संस्थेच्या समितीने मे २०२५ मध्ये आत्महत्येचे विचार हा फिनास्टेराइडचा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं, आणि यातल्या बहुतेक नोंदी १ मिलिग्रॅम घेणाऱ्यांच्या, म्हणजे केसांसाठी घेणाऱ्यांच्या होत्या. त्या पाहणीत फिनास्टेराइडच्या अशा ३१३ नोंदी होत्या आणि वापर अंदाजे २७ कोटी रुग्णवर्षांचा (एकाने वर्षभर घेतलं की एक रुग्णवर्ष). प्रमाण फारच कमी दिसतं, पण अशा नोंदी आपणहून पाठवलेल्या असतात. कितीतरी जण कळवतच नाहीत, त्यामुळे भागाकार करून टक्केवारी काढण्यात अर्थ नाही. समितीनेही वारंवारिता ‘अज्ञात’ अशीच लिहिली.

कारण काय असावं? हेच एन्झाइम मेंदूत प्रोजेस्टेरॉनपासून अॅलोप्रेग्नॅनोलोन बनवण्याच्या वाटेवर असतं, आणि हे द्रव्य मन शांत ठेवणाऱ्या गाबा यंत्रणेवर काम करतं. वाट पटण्याजोगी आहे, सिद्ध झालेली नाही. थांबवल्यावरही टिकणाऱ्या त्रासाला निश्चित चाचणी नाही आणि खात्रीचा उपचारही नाही. म्हणून वजन करताना नुसती टक्केवारी पुरत नाही. एका पारड्यात बऱ्याच जणांना मिळणारा मध्यम फायदा आहे, दुसऱ्यात अगदी थोड्यांना होणारा, पण झाला तर लवकर न सुटणारा त्रास. ज्याला आधी नैराश्य येऊन गेलं आहे, ज्याच्या घरात आत्महत्या झाली आहे किंवा ज्याला आधीच ताठरतेची अडचण आहे, त्याच्यासाठी दुसरं पारडं जड होतं. अशा माणसाला माझा सल्ला मिनॉक्सिडिलवर भागवण्याचा असतो. गोळी घ्यायचीच असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना विचारून.

बाकीचे धोके मोजता आणि पाहता येतात. स्तनाग्राखाली दुखरी गाठ आली तर गोळी थांबवून दाखवून घ्यायचं. रोज दाबून पाहायचं नाही, दाबल्यानेच दुखणं वाढतं. पन्नाशीच्या वाचकांसाठी पीएसएची, म्हणजे प्रोस्टेटसाठीच्या रक्तचाचणीची, गोष्ट महत्त्वाची आहे. फिनास्टेराइडने सहा महिने ते वर्षभरात पीएसए साधारण निम्मा होतो, म्हणून अहवालात २ आला तर तो ४ धरून वाचायचा. हे तपासणाऱ्या डॉक्टरांना ठाऊक नसेल तर प्रोस्टेटचा कर्करोग नजरेआड राहू शकतो. पंचेचाळिशीनंतर सुरू करणाऱ्याने आधी एक पीएसए करून ठेवावा, आणि गोळी चालू असताना तो वाढताना दिसला तर आकडा ‘नॉर्मल’ असला तरी तपास करून घ्यावा. फिनास्टेराइडनेच प्रोस्टेटचा कर्करोग होतो ही चर्चा २००३ च्या १८,८८२ पुरुषांच्या चाचणीतून निघाली. त्यात एकूण कर्करोग सुमारे २५ टक्के कमी दिसले, आक्रमक प्रकारचे थोडे जास्त. २०१३ मध्ये १८ वर्षांचा पाठपुरावा आला तेव्हा दोन्ही गटांच्या जगण्यात फरक नव्हता.

पहिल्या गोळीआधीची नोंद

फोटो पाच काढा: समोरून केस मागे ओढून, दोन्ही बाजूंनी तिरके, मान खाली घालून वरून, आणि मागून माथ्याचा. केस कोरडे, तेल नाही, कापल्यावर तेवढेच दिवस झालेले. जागा एकच, दिवा एकच, फ्लॅश बंद, फोन तेवढ्याच अंतरावर आणि शक्यतो दुसऱ्याच्या हातात. ओल्या केसांचा फोटो आणि डोक्यावर थेट पडणारा दिवा टाळू आहे त्याहून जास्त दाखवतात. आंघोळीनंतरच्या फोटोची कोरड्या केसांच्या फोटोशी तुलना करून औषधाला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. दर तीन महिन्यांनी हाच संच काढा आणि मधे रोज आरशात मोजत बसू नका.

लैंगिक स्थितीची नोंद चार आठवडे करा. आठवड्यात किती सकाळी आपोआप ताठरता येते, इच्छा शून्य ते दहा यांत किती, वीर्यपतनात काही अडचण आहे का. लाजण्यासारखं यात काही नाही, ही वही तुम्हालाच वाचायची आहे. बहुतेकांना लिहू लागल्यावर कळतं की गोळीविनाच हे आकडे झोप, काम आणि ताणाप्रमाणे वर-खाली होतात.

मनासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरा. गुण शून्य ते २७ असतात. दहा किंवा जास्त आले, किंवा मरणाच्या विचारांबद्दलच्या नवव्या प्रश्नाला शून्याखेरीज काहीही उत्तर असेल, तर गोळी सुरू करायची नाही. आधी त्यासाठी डॉक्टरांकडे जायचं.

मिनॉक्सिडिल आणि गोळी एकाच दिवशी सुरू करू नका असं मी म्हणेन. अनेक डॉक्टर दोन्ही एकदम देतात आणि केसांच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. पण मिनॉक्सिडिलने दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात जुने केस झडतात, घाबरलेला माणूस त्याचं खापर गोळीवर फोडतो आणि दोन्ही बंद करतो. आधी मिनॉक्सिडिल, नोंदीही त्याच काळात, आणि दोन-तीन महिन्यांनी गोळी. हा बदल डॉक्टरांना सांगून करा.

घेताना आणि थांबवताना

रोज एक गोळी, जेवणाआधी किंवा नंतर, कधीही. एक दिवस चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. ५ मिलिग्रॅमची गोळी चार तुकडे करून घेण्याचा सल्ला अमेरिकेतून आला आहे, तिथे ती स्वस्त पडायची म्हणून. आपल्याकडे १ मिलिग्रॅमची गोळी सहज मिळते, त्यामुळे त्या उद्योगाला कारण नाही. तुकडे करताना भुकटी उडते आणि घरात गरोदर बाई असेल तर तिने तुटलेल्या गोळीला हात लावायचा नसतो. अखंड, आवरण असलेल्या गोळीला चुकून हात लागला तर काही होत नाही. यकृताचा आजार असेल तर आधी सांगा, हे औषध यकृतातच मोडतं.

तीन महिन्यांत काही दिसत नाही. सहाव्या महिन्यात गळती कमी झालेली जाणवते. निर्णय बाराव्या महिन्यात, फोटो शेजारी ठेवून घ्यायचा. फोटो जसेच्या तसे असतील तर ते यश आहे, अपयश नाही. बंद केलं तर साधारण वर्षभरात राखलेले केस जातात आणि गोळी घेतली नसती तर जिथे असतात तिथे डोकं येतं. ‘बंद केल्यावर दुपटीने गळतात’ हे खरं नाही, एरवी हळूहळू गेले असते ते थोड्या काळात गेलेले दिसतात.

त्रास झाला तर? मन उदास झालं, विनाकारण घबराट होऊ लागली, मरणाचे विचार आले, तर त्याच दिवशी गोळी बंद करून डॉक्टरांना कळवा. हळूहळू कमी करायची गरज नसते. विचार जोर धरत असतील तर थांबू नका, सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. हे घरातल्या एकाला तरी आधीच सांगून ठेवा, कारण बदल आपल्याआधी त्यांना दिसतो. कामेच्छा किंवा ताठरता नोंदीपेक्षा स्पष्ट कमी झाली आणि दोन आठवडे तशीच राहिली, तर थांबवा. चाचण्यांमध्ये गोळी चालू ठेवूनही काहींचा त्रास गेला होता, पण २८ व्या वर्षी केसांसाठी तेवढी वाट पाहण्यात मला शहाणपण वाटत नाही. फिनास्टेराइड रक्तातून एक-दोन दिवसांत जातं आणि डीएचटी साधारण दोन आठवड्यांत पूर्वपदाला येतं. तीन महिन्यांनंतरही त्रास असेल तर टेस्टोस्टेरॉन, प्रोलॅक्टिन, टीएसएच आणि साखर तपासा. बऱ्याचदा वेगळंच, उपचार होण्याजोगं कारण सापडतं. त्रास पूर्ण गेला आणि पुन्हा सुरू केल्यावर तसाच परत आला, तर विषय संपला. तिसऱ्यांदा, कमी डोसाने, दिवसाआड असे प्रयोग नकोत. डोसाचे आकडे वर दिले ते याचसाठी.

लावायचं फिनास्टेराइड

परदेशात ज्याची नीट चाचणी झाली तो ०.२५ टक्क्याचा फवारा आहे. एका फवाऱ्यात ५० मायक्रोलिटर द्रव, दिवसातून एकदा एक ते चार फवारे. म्हणजे दिवसाला फार तर ०.४६ मिलिग्रॅम औषध डोक्याला लागतं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत केसांचा फायदा गोळीच्या जवळपास होता, रक्तातलं औषध शंभर पटींहून कमी होतं आणि रक्तातलं डीएचटी सुमारे ३५ टक्के उतरलं, गोळीवाल्यांचं ५६.

आता आपल्या मेडिकलमध्ये मिळणारी बाटली घ्या. बहुधा ५ टक्के मिनॉक्सिडिल आणि ०.१ टक्के फिनास्टेराइड असं मिश्रण असतं. ०.१ टक्का म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम. सकाळ-संध्याकाळ एक-एक मिलिलिटर लावलं की दिवसाला २ मिलिग्रॅम डोक्यावर, त्या फवाऱ्याच्या चौपटीहून जास्त. टक्केवारी कमी पण औषध जास्त. त्यातलं किती आत जाईल ते द्रवावर, त्वचा सोललेली-खाजरी आहे का यावर आणि किती चोपडलं यावर ठरतं. म्हणून फवाऱ्याच्या चाचणीचे आकडे या बाटलीला लावता येत नाहीत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०२५ मध्ये मागणीप्रमाणे बनवून विकल्या जाणाऱ्या लावायच्या फिनास्टेराइडबद्दल इशारा दिला. २०१९ ते २०२४ मधल्या ३२ तक्रारींत गोळीसारखेच त्रास होते: ताठरता, उदासी, आत्महत्येचे विचार. हीच बाटली वापरायची असेल तर रात्री एकदाच, १ मिलिलिटर मोजून, कोरड्या टाळूवर लावा. हात साबणाने धुवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय उशीवर डोकं टेकू नका. लग्नानंतर ती उशी दोघांची असणार आहे. गोळीसाठी सांगितलेल्या नोंदी आणि थांबण्याचे नियम इथेही तेच.

ड्युटास्टेराइड

ते एन्झाइमचे दोन्ही प्रकार अडवतं आणि ०.५ मिलिग्रॅमने रक्तातलं डीएचटी ९० टक्क्यांहून जास्त उतरतं. ९१७ पुरुषांच्या २४ आठवड्यांच्या चाचणीत ते फिनास्टेराइडपेक्षा सरस ठरलं, हे खरं. दक्षिण कोरियात २००९ पासून आणि जपानमध्ये २०१५ पासून ते टक्कलासाठी मान्य आहे, अमेरिकेत फक्त प्रोस्टेटसाठी. अडचण निराळीच आहे. त्याचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायलाच सुमारे पाच आठवडे लागतात. फिनास्टेराइडने त्रास झाला तर पंधरवड्यात शरीर औषधापासून मोकळं होतं, ड्युटास्टेराइड काही महिने रेंगाळतं. ज्याने वर्ष-दोन वर्षं फिनास्टेराइड त्रासाविना घेतलं, तरीही केस जातच आहेत आणि मूलबाळ झालं आहे, त्याच्यासाठी हा विचार. तुमच्यासाठी आज नाही.

रक्तदान करत असाल तर हेही पाहा. फिनास्टेराइड थांबवून एक महिना आणि ड्युटास्टेराइड थांबवून सहा महिने झाल्याशिवाय रक्त द्यायचं नाही, ते गरोदर स्त्रीला चढवलं जाऊ शकतं. शिबिराच्या फॉर्मवर ‘केसांची गोळी’ औषध म्हणून लिहायची बरेच जण विसरतात.

स्त्रियांसाठी एवढंच: भांग रुंद होत असेल तर पुरुषांची ही गोळी घरातून उचलून घेऊ नका. मूल होण्याच्या वयात ती वर्ज्यच, आणि पाळी गेलेल्या १३७ स्त्रियांवरच्या वर्षभराच्या चाचणीत १ मिलिग्रॅमचा फायदाही दिसला नाही. स्त्रियांना बहुधा स्पायरोनोलॅक्टोन देतात, २५-५० मिलिग्रॅमपासून वाढवत १०० ते २०० पर्यंत. त्यासोबत गर्भनिरोधन लागतं. पाळी अनियमित होऊ शकते. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल यांसारखी गोळी चालू असेल तर पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं. शहाळ्यातही पोटॅशियम असतं, म्हणून रोज शहाळं पिणाऱ्यांनी तेही डॉक्टरांना सांगावं.

लग्न आणि मूल

वीर्यातून बायकोच्या शरीरात जाणारं फिनास्टेराइड नगण्य असतं, त्याने गर्भाला अपाय होतो असं दिसलेलं नाही. प्रश्न शुक्राणूंचा आहे. १८१ निरोगी पुरुषांना ४८ आठवडे १ मिलिग्रॅम देऊन पाहिलं तेव्हा शुक्राणूंवर लक्षणीय परिणाम दिसला नाही. पण ज्यांची संख्या आधीच काठावर असते, त्यांच्यात ती बरीच खाली गेल्याचं आणि गोळी थांबवल्यावर सुधारल्याचं आढळलं आहे. तुम्ही कोणत्या गटात आहात हे तपासल्याविना कळणार नाही. म्हणून गोळीआधी एक वीर्यतपासणी करून घ्या, दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर आणि चांगल्या लॅबमध्ये. अहवाल उत्तम असेल तर लग्नानंतरही गोळी चालू ठेवायला हरकत नाही, मूल हवं असं ठरलं की तीन महिने आधी थांबवा. एक शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणून तीन. संख्या आधीच कमी आली तर गोळी पुढे ढकला, मिनॉक्सिडिल चालू ठेवा आणि मूल झाल्यावर पुन्हा विचार करा. होणाऱ्या बायकोला गोळीबद्दल सांगून ठेवा. सहा महिने दिवस गेले नाहीत म्हणून तिच्याच तपासण्या सुरू होतात आणि नवऱ्याच्या कपाटातली पट्टी कुणी विचारतही नाही, असं होतं.